"त्रिकोण हिरवा झाला, मारू?" : पाणबुडीचे खेळ घडवणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
पाणबुडीचे सिम्युलेशन खेळ घडवणारे स्टुडिओ, प्रोग्रॅमर आणि मॉड करणारी मंडळी,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या सुट्टीत माझा चौदा वर्षांचा भाचा आठवडाभर आमच्याकडे ठाण्याला होता. जुन्या कॉम्प्युटरवर मी त्याला 'सायलेंट हंटर ३' हा पाणबुडीचा खेळ लावून दिला आणि चहा टाकायला आत गेलो. आधण यायच्या आत हाक आली, "मामा, त्रिकोण हिरवा झाला, मारू?" मी बाहेर येईपर्यंत त्याने एंटर दाबलं होतं. मिनिटभराने टॉर्पेडो लागून जहाज फुटलं, मधोमध दुभंगलं. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "एवढंच?"

त्याला तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही. आता देतो आहे, पण ते तुम्हाला लिहितो आहे, कारण 'एवढंच'चं 'एवढं सगळं' करणं तुमच्याच हातात आहे.

आधी ऋण मान्य करतो. २००५ साली आलेल्या त्या खेळात हाताने नेम धरायची सोय होती. आपोआप नेम बंद करायचा, नकाशावरची आयती माहिती बंद करायची, बाहेरचा कॅमेरा बंद करायचा. मग उरतात पेरिस्कोप, स्टॉपवॉच आणि वही. मी वीस वर्षं तसाच खेळतो आहे. आता 'वुल्फपॅक' या खेळात आम्ही चार मित्र मिळून एक जर्मन पाणबुडी, टाइप सात-सी बोट, चालवतो. एक नाशिकला, एक कोल्हापूरला, एक दुबईत आणि मी इथे. एक जण हायड्रोफोनवर, म्हणजे पाण्यातले आवाज ऐकायच्या यंत्रावर, कान लावून बसतो, एक सुकाणूवर, एक नेमाचं गणित करणाऱ्या गणनयंत्रावर आणि एक पेरिस्कोपवर. शनिवारची रात्र कशी सरते कळत नाही. ज्यांनी हे घडवलं त्यांना माझा मनापासून नमस्कार. मराठीत लिहितो आहे, कारण पुण्यामुंबईतही आता खेळ बनवणारी मुलं आहेत आणि त्यांच्यातल्या कुणी तरी हा विषय हातात घ्यावा अशी माझी इच्छा आहे.

म्हणणं एकच आहे. खेळाला लक्ष्याबद्दल सगळं खरं ठाऊक असतं, आणि ते खरं तो कुठून ना कुठून आपल्याला सांगून टाकतो. कधी नेम बसल्याचं सांगणाऱ्या हिरव्या त्रिकोणातून, कधी 'ओळख पटवा' या बटणातून, कधी नकाशावर उमटणाऱ्या रेघेतून. पण टॉर्पेडो सोडायची अख्खी यंत्रणा जन्माला आली, ती खरं काय ते माहीत नसतं म्हणून! तुम्ही तबकड्या हुबेहूब काढता, पितळेची झळाळी, जर्मन अक्षरं, काट्याची थरथर, सगळं. त्या तबकडीत जाणारा आकडाच जर निर्दोष असेल, तर ती तबकडी शोभेची होते.

मी तीस वर्षं टूलरूममध्ये काढली. आमच्याकडे पोरगा व्हर्निअर घेऊन आला आणि नुसता आकडा सांगितला, तर त्याला परत पाठवत असू. किती चुकू शकतं ते आधी सांग, मग माप सांग. टॉर्पेडोचा नेम हे तसंच काम आहे. चार मापं घ्यायची, प्रत्येकात चूक असते, आणि त्या चुका एकत्र येऊन कुठे जातील याचा अंदाज बांधून कळ दाबायची.

यू-बोटीवर, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पाणबुडीवर, काय चालायचं ते पाहा. पाण्याखालून हल्ला असेल तर कप्तान कॉनिंग टॉवरमध्ये, बोटीच्या वरच्या छोट्या कक्षात, पेरिस्कोपला. रात्री पृष्ठभागावरून असेल तर पहिला वॉच ऑफिसर ब्रिजवर, खांबावर बसवलेल्या यूझेडओ दुर्बिणीला डोळे लावून. कॉनिंग टॉवरमध्ये सीमेन्सचं गणनयंत्र. त्याला चार गोष्टी लागत: लक्ष्याची दिशा, अंतर, वेग आणि एओबी, म्हणजे लक्ष्याच्या पुढच्या टोकापासून आपल्यापर्यंतचा कोन. यातली दिशा तेवढी दुर्बिणीकडून थेट यंत्रात जायची. बाकी तिन्ही माणसाच्या नजरेवर आणि अनुभवावर उभी होती.

एक उदाहरण घेऊ. मालवाहू जहाज आठ नॉटने (तासाला आठ सागरी मैल) चाललं आहे, आपल्यासमोरून बरोबर आडवं, म्हणजे एओबी ९० अंश. नळीत ३० नॉटचा विजेवर चालणारा जी-७-ई टॉर्पेडो. जहाजाच्या साडेपंधरा अंश पुढे नेम धरावा लागतो. आता समजा वेग चुकला आणि जहाज खरं नऊ नॉटने जात होतं. मग कोन साडेसतरा हवा होता. दोन अंश म्हणजे काय मोठंसं? हजार मीटरवर खरंच काही नाही. टॉर्पेडोला साधारण ६५ सेकंद लागतात, तेवढ्यात जहाज अंदाजापेक्षा ३३ मीटर पुढे सरकतं. १३० मीटर लांब जहाजाच्या मध्यावर धरलेला नेम मागच्या अर्ध्या भागात का होईना, लागतो. तीन हजार मीटरवर तोच टॉर्पेडो सव्वातीन मिनिटं धावतो, जहाज शंभर मीटर पुढे निघून गेलेलं असतं, आणि टॉर्पेडो त्याच्या मागून रिकाम्या पाण्यातून जातो.

एओबीचं उलट आहे. जहाज आडवं असताना तुम्ही ९० च्या जागी ८० धरलेत तरी नेम पाव अंशाने हलतो. पण ते तिरकं, ४० अंशांवर असताना ५० धरलेत, तर जवळपास दोन अंशांनी हलतो. म्हणून कप्तान हल्ल्याआधी तासन्‌तास जागा घेण्यासाठी झटत. आडव्या जहाजापुढे, जवळून, टॉर्पेडोला नळीतून सुटल्यावर फार वळावं लागणार नाही अशा जागी. तिथे एओबीची चूक पोटात घातली जाते. टॉर्पेडोला अजिबात वळायचं नसेल तर अंतराची चूकसुद्धा जवळजवळ निघून जाते. हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. तुमच्याच खेळात चाळीस-पन्नास टॉर्पेडो वाया घालवून, वहीत त्रिकोण काढत शिकलो. ज्या रात्री ते उमगलं त्या रात्री मला झोप आली नव्हती. हिरवा त्रिकोण भाच्याला उत्तर देतो आणि ही रात्र त्याच्याकडून काढून घेतो.

वेग काढायच्या रीतींबद्दल थोडं बोलतो, कारण तुमचं सगळ्यात मोठं दुर्लक्ष तिथे आहे. आम्ही खेळाडू सहसा पेरिस्कोपची उभी तार स्थिर धरतो आणि जहाजाला ती पार करायला किती सेकंद लागतात ते मोजतो. १३० मीटरचं जहाज ३२ सेकंदांत गेलं, म्हणजे सुमारे आठ नॉट. छान. पण १३० मीटर हे कुठून आलं? खेळाच्या ओळख-पुस्तकातून, जिथे त्याच मॉडेलची लांबी आणि डोलकाठीची उंची दशांशापर्यंत अचूक छापलेली असते. खऱ्या समुद्रावर असं कधी नव्हतं. एकाच धाटणीच्या जहाजांत फरक असत, डागडुजीत डोलकाठ्या बदलत. आणि सगळ्यात साधी गोष्ट म्हणजे भरलेलं जहाज पाण्यात खोल बसतं, रिकामं वर तरंगतं. डोलकाठीच्या उंचीवरून अंतर काढणारा भरलेल्या जहाजाला हमखास लांब समजणार. तुमच्या खेळात मी आजवर एकही जहाज असं पाहिलं नाही, ज्याच्या पोटातल्या मालाने माझं अंतर चुकवलं. एवढी एक गोष्ट करा. त्यासाठी नवं चित्र लागत नाही, नवी कळ लागत नाही. जहाज दीड-दोन मीटर खाली बसवा आणि पुस्तकातला आकडा आहे तसाच ठेवा.

यू-बोटींची दुसरी रीत म्हणजे दिवसभर लक्ष्याच्या नजरेच्या टोकाशी, क्षितिजावर फक्त डोलकाठ्या दिसतील इतक्या अंतरावर, समांतर धावत राहायचं. आपला वेग आणि दिशा त्याच्याशी जुळली की आपल्याच यंत्रावर त्याचा वेग वाचता येतो. याला तास लागतात. खेळात ते घाईने पळवलं तरी चालेल, फक्त ती पाठलागाची मेहनत वापरता येईल असं काही तरी ठेवा.

अमेरिकी बोटींवर या गोष्टीला आणखी एक सुंदर वळण होतं. आर्मा कंपनीच्या टीडीसी मार्क तीन या नेमाच्या गणनयंत्रात पोझिशन कीपर नावाचा भाग होता. एकदा अंदाज भरले की तो लक्ष्याला कल्पनेत चालवत राहायचा आणि 'आत्ता ते या दिशेला असायला हवं' असं सांगायचा. कप्तान पेरिस्कोप वर काढून पुन्हा दिशा घ्यायचा. दोन्ही जुळले तर अंदाज बरोबर. सरकत गेले तर वेग किंवा मार्ग चुकला आहे. मग चाकं फिरवून दुरुस्त करायचं, पुन्हा पाहायचं. यंत्र आणि माणूस एकमेकांना तपासत. हा संवाद म्हणजेच ते यंत्र. 'पोझिशन कीपर चालू' अशी कळ तुमच्याकडे असते, पण त्यात भरलेला आकडा आधीच खरा असेल तर तपासायला उरतंच काय?

आता तो हिरवा रंग. टॉर्पेडो जहाजावर काटकोनात आदळणार असेल तर त्रिकोण हिरवा होतो. २४ जुलै १९४३ ला अमेरिकेची 'टिनोसा' पाणबुडी 'तोनान मारू ३' या प्रचंड तेलवाहू जहाजावर टॉर्पेडोमागून टॉर्पेडो सोडत होती. पहिल्या काही टॉर्पेडोंनंतर जहाज थांबलेलं, अंतर कमी, कोन काटकोन. नेमाच्या दृष्टीने याहून सोपं काही असूच शकत नाही. तिने एकूण पंधरा सोडले. अकरा आदळूनही फुटले नाहीत. शेवटचा एक कप्तान डॅन डॅस्पिट तपासणीसाठी परत घेऊन गेला. त्यानंतर हवाईतल्या काहोओलावे बेटाच्या कड्यावर टॉर्पेडो सोडून पाहिले, क्रेनवरून पोलादी पत्र्यावर पाडून पाहिले. सरळ आदळणाऱ्या दहापैकी सात फुटले नाहीत. सरळ धडकेच्या जोराने स्फोटकाला चेतवणारी पिन वाकायची, अडकायची. तिरका लागलेला फुटायची शक्यता जास्त. म्हणजे १९४३ च्या त्या उन्हाळ्यात खेळाचा हिरवा रंग कप्तानाला सगळ्यात वाईट नेम दाखवत होता, आणि ते सांगू शकणारं जगात कुणी नव्हतं. मार्क १४ या अमेरिकी टॉर्पेडोची चुंबकीय चाप, खोली आणि पिन, तिन्ही दोष एकमेकांच्या आड लपले होते. एक काढला की दुसरा दिसायचा.

जर्मनांचंही तेच. एप्रिल १९४० मध्ये नॉर्वेत 'यू-४७'च्या गुंथर प्रीनने नांगरलेल्या जहाजांवर दोन खेपांत आठ टॉर्पेडो सोडले आणि एकाही जहाजाला काही झालं नाही. टॉर्पेडो ठरवलेल्या खोलीपेक्षा खाली धावत होते. पाण्याखाली राहून बोटीतल्या हवेचा दाब वाढतो, तो टॉर्पेडोच्या खोली राखणाऱ्या कप्प्यात झिरपतो आणि यंत्राची समजूत चुकते, हे कळायला १९४२ चा जानेवारी उजाडला. यावरून मागणं हे की निकामी टॉर्पेडोची सरसकट टक्केवारी ठेवू नका. फासा टाकून नापास केलेल्या टॉर्पेडोचा राग येतो, त्यातून शिकायला काही मिळत नाही. कारण ठेवा. बोट किती वेळ बुडून होती, आदळण्याचा कोन काय होता, बॅटरी गरम केली होती का. विजेवरच्या टॉर्पेडोची बॅटरी तापवली नाही तर तो पाच हजारांऐवजी तीनच हजार मीटर जायचा. दर काही दिवसांनी तो नळीतून बाहेर ओढून तपासावा लागायचा. हे केलं नाही तर काय होतं, ते खेळाडूला सोसू द्या.

विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर 'कुरसुरा' पाणबुडी २००२ पासून संग्रहालय म्हणून उभी आहे. आमच्या ऑफिसच्या सहलीत मी ती पाहिली. ९१ मीटर लांब, सोव्हिएत बनावटीची फॉक्सट्रॉट वर्गातली बोट, पुढे सहा नळ्या, मागे चार. मधल्या कक्षातून गोल दारांत वाकत वाकत पुढच्या नळ्यांपर्यंत गेलो तेव्हा जी गोष्ट लक्षात आली ती कुठल्याच खेळाने मला सांगितली नव्हती: हुकूम देणारा आणि तो पाळणारा एकमेकांना दिसत नाहीत. मध्ये माणसं आहेत, दारं आहेत, आवाज आहे. तुमच्या पडद्यावर नळी क्रमांक एकचा दिवा लागतो आणि टॉर्पेडो सुटतो. खरं तर आधी नळीत पाणी भरायचं, बाहेरचं झाकण उघडायचं, खोली लावायची, वेग लावायचा, आणि प्रत्येक वेळी नळीपाशी उभ्या असलेल्या माणसाने हुकूम परत म्हणून दाखवायचा. शेवटची कळ वर दाबली तरी खाली नळीपाशी एक हात तयार असायचा, वीज दगा देईल म्हणून. आम्ही चौघं खेळताना हे आपोआप घडतं. कोल्हापूरचा गडी ओरडतो, "तीनशे वीस!", मी परत म्हणतो, "तीनशे वीस", आणि एकदा मी "तीनशे तीस" ऐकलं तेव्हा दोन टॉर्पेडो समुद्राला अर्पण झाले. ती चूक आम्ही अजून विसरलो नाही. एकट्याने खेळणाऱ्यालाही ही चूक करता यावी. संगणकाच्या खलाशांना आवाज द्या, थकवा द्या, क्वचित चुकीचं ऐकू द्या.

सुटल्यानंतरचंही बघा. टॉर्पेडो दीड टनाच्या आसपास. चार सुटले की पुढचा भाग एकदम हलका होतो, आणि लगेच पाणी आत घेतलं नाही तर बोटीचं नाक वर येतं, थेट एस्कॉर्टच्या, म्हणजे ताफ्याच्या रक्षक जहाजाच्या, नजरेत. मुख्य इंजिनिअरची खरी परीक्षा त्या अर्ध्या मिनिटात असायची. बहुतेक खेळांत बोट खडकासारखी स्थिर राहते.

इथे एक गैरसमज दूर करतो. कठीण आणि वास्तव या एक गोष्टी नाहीत. माउसने गोल गोल फिरवून हातचाक फिरवायला लावणं, चिमुकल्या तबकडीवर बाण नेमका बसेपर्यंत चारदा प्रयत्न करायला लावणं, हे वास्तव नव्हे. खऱ्या माणसाच्या हातात खरं चाक होतं, ते चाचपून फिरायचं. कीबोर्डवर आकडा टाइप करू द्या. फक्त यंत्राचा काटा तिथे पोचायला खरा वेळ घेऊ द्या. आणि ज्यांना हात वापरायचे आहेत त्यांना वापरू द्या. मी एका जुन्या डब्यात आर्डुइनो हा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड आणि चार फिरत्या एन्कोडरच्या खुंट्या बसवल्या आहेत: दिशा, अंतर, वेग, एओबी. त्या जोडता याव्यात म्हणून प्रत्येक तबकडीला बाहेरून इनपुट घ्यायची सोय ठेवा. आज ते जमवायला मला तिऱ्हाईत प्रोग्रॅमची कसरत करावी लागते.

मग नवख्याचं काय? माझ्या भाच्याचं काय? त्याच्यावर हे सगळं लादा असं मी म्हणत नाही. त्याला मदत द्या, पण खेळाच्या सर्वज्ञतेतून देऊ नका. पेरिस्कोपशेजारी एक अनुभवी अधिकारी उभा करा. तो म्हणेल, "सात ते नऊ नॉट वाटतंय, कप्तान. एओबी उजवीकडून साठ, पण खात्री नाही." जास्त वेळ पाहू दिलं तर त्याचा अंदाज सुधारेल, धुक्यात, लाटांत, घाईत बिघडेल. कधी कधी तो साफ चुकेल. पोरगं त्याच्यावर विसंबून सुरुवात करेल आणि एक दिवस त्याला वाटेल की हा चुकतो आहे, मला वेगळं दिसतंय. त्या दिवशी तो स्वतः स्टॉपवॉच हातात घेईल. सोपेपणाची पायरी अशी असली की ती वर नेते.

आधुनिक पाणबुड्यांच्या खेळांबद्दल थोडक्यात. तिथे पेरिस्कोपऐवजी आवाजावरून ठाव घेणारं सोनार आहे, टॉर्पेडो स्वतः लक्ष्य शोधतो आणि तारेने वळवता येतो, पण अंधार तोच आहे. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवच्या समुद्रात पाकिस्तानच्या 'हंगोर' पाणबुडीने सोडलेला पहिला टॉर्पेडो फुटलाच नाही; दुसरा आपल्या 'खुकरी' युद्धनौकेला लागला. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबर गेले. दीवला त्यांचं स्मारक आहे, मी तिथे उभा राहिलो आहे. त्या दोन टॉर्पेडोंमधला फरक कुठल्याही हिरव्या दिव्याने आधी सांगितला नसता. म्हणून मला पडद्यावर 'लक्ष्य नष्ट' आणि टनांचा आकडा लगेच उमटलेला सोसत नाही. स्टॉपवॉच चालू राहू द्या. वेळ संपली आणि आवाज आला नाही तर काय चुकलं ते खेळाडूला ठाऊक नसू द्या. आवाज आला तरी जहाज बुडालं की फक्त थांबलं, हे पेरिस्कोप वर काढल्याशिवाय कळू नये. ते वर काढायचं की नाही, हा निर्णयही त्याचाच असू द्या.

आणि गस्त संपवून बोट बंदरात आली की एक कागद द्या. एका रंगात खेळाडूने धरलेला मार्ग, दुसऱ्या रंगात जहाजाचा खरा मार्ग, आणि दोन्हींवर टॉर्पेडोची रेघ. खरं सांगायची जागा ती आहे. गस्तीच्या मध्यात नाही, नंतर. अशा कागदासाठी मी आणि माझे तिघे मित्र दुप्पट पैसे द्यायला तयार आहोत.

भाचा मे महिन्यात पुन्हा येणार आहे. त्याच्यासाठी मी आपोआप नेम बंद करून ठेवला आहे आणि टेबलावर कोरी वही, पट्टी आणि कोनमापक ठेवलं आहे. तुमच्यापैकी कुणाला आम्ही हे कसं करतो ते पाहायचं असेल तर शनिवारी रात्री दहा वाजता या. हायड्रोफोनची जागा तुमच्यासाठी मोकळी करून देऊ.

आपला,
एक जुना खेळाडू
ठाणे